पंखा केव्हा लावायचा?

यशवंतपूरच्या बाजार समितीच्या यार्डात कांद्याच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की आसपासच्या हवेला एक उग्र, किंचित गोडसर वास येतो. ज्याचे बालपण निफाड तालुक्यातील एका कांदा चाळीच्या सावलीत गेले, त्याला हा वास सुमारे हजार किलोमीटरांवरही अचूक ओळखू येतो. बेंगळुरूत अभियांत्रिकी शिकायला आलेला तो विद्यार्थी यार्डापासून जवळच, एका इमारतीच्या गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत राहत असे. सकाळी बस पकडायला जाताना ट्रकच्या पाटीवर ‘एमएच १५’ दिसले की त्याची पावले क्षणभर थबकत. गोणीच्या विणीतून दिसणारा कांदा कोरडा, तांबूस, घट्ट पापुद्र्याचा आहे, की त्याच्या मानेतून हिरवा कोंब डोकावतो आहे, हे तो न ठरवताही पाहून घेत असे. कोंब दिसला की पुढचा हिशेब त्याला पाठ होता. तो माल ज्या चाळीतून आला, त्या घरात या वर्षी काय बोलले जात असेल, हे त्याला ठाऊक होते.

तिसऱ्या सत्रात छोटा प्रकल्प करायचा होता. वर्गातील बहुतेकांनी निवडला तोच विषय त्यानेही निवडला : तापमानानुसार आपोआप सुरू आणि बंद होणारा पंखा. यात नावीन्य काहीच नव्हते. इलेक्ट्रॉनिक्स शिकणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी हे मंडल बांधतो. एस. पी. रोडवरच्या दुकानांतून लागणारे सगळे सुटे भाग एका दुपारी मिळाले : २५ अंश सेल्सिअसला १० किलो-ओहम रोध असणारा थर्मिस्टर, एलएम ३५८ हा ऑप-अ‍ॅम्प, काही रोधक, एक प्रीसेट, बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर आणि संगणकाच्या डब्यात असतो तसा १२ व्होल्टचा पंखा.

या मंडलाचे तत्त्व सोपे आहे. बहुतेक धातू तापले की त्यांचा विद्युत रोध वाढतो. थर्मिस्टरमधील अर्धवाहक पदार्थाचा रोध तापल्यावर कमी होतो. असा उलटा स्वभाव मायकेल फॅरेडे यांनी १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवला होता. त्या विद्यार्थ्याच्या थर्मिस्टरचा रोध २५ अंशांना १० किलो-ओहम होता, तो ३० अंशांना सुमारे ८ आणि ४० अंशांना सुमारे ५.३ किलो-ओहम होई. थर्मिस्टर आणि १० किलो-ओहमचा एक स्थिर रोधक एकापुढे एक जोडले की त्यांच्या मधल्या बिंदूवरचे व्होल्टेज तापमानाबरोबर चढते. प्रीसेटने दुसरे एक व्होल्टेज कायम ठरवून ठेवायचे. ऑप-अ‍ॅम्प या दोहोंची तुलना करतो. पहिले मोठे झाले की त्याचे निर्गम व्होल्टेज वर जाते, ट्रान्झिस्टर वाहू लागतो आणि पंखा फिरतो.

तत्त्व सोपे होते, तरी मंडल पहिल्या रात्री चालले नाही. पंखा दोन मिनिटे फिरला आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. बीसी ५४७ मधून जास्तीत जास्त १०० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ द्यावा, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. पंखा २०० मिलिअँपिअर ओढत होता. त्याजागी मोठा प्रवाह पेलणारा मोसफेट बसवला आणि पंखा बंद होताना उठणाऱ्या व्होल्टेजच्या धक्क्यापासून तो वाचावा म्हणून पंख्याच्या दोन टोकांना उलटा डायोड जोडला. ही चूक पंधरा रुपयांच्या आत निस्तरली.

दुसरी चूक अधिक शिकवणारी होती. भिंतीवरचा तापमापक ३० अंश दाखवी, तर मंडल ३२ अंश झाल्यासारखे वागे. दोन दिवस त्याने प्रीसेटला दोष दिला. मग गणित मांडले. त्याने थर्मिस्टरची शाखा थेट १२ व्होल्टला जोडली होती. त्यामुळे थर्मिस्टरमधून ०.६ मिलिअँपिअर प्रवाह वाहत होता आणि त्यात ३.६ मिलिवॉट उष्णता निर्माण होत होती. स्थिर हवेत एवढासा मणी साधारण दोन मिलिवॉटला एक अंश या प्रमाणात तापतो. म्हणजे मोजणारे उपकरण मोजण्याच्या क्रियेनेच जवळजवळ दोन अंशांनी गरम होत होते आणि स्वतःचेच तापमान खोलीचे म्हणून सांगत होते. त्याने त्या शाखेला ५ व्होल्टचा वेगळा पुरवठा दिला. उष्णता सहापटीने कमी झाली आणि चूक अंशाच्या एक-तृतीयांशावर आली.

तिसरी अडचण सर्वांना भेटते. ठरवलेले तापमान जवळ आले की पंखा थरथरू लागे : सुरू, बंद, सुरू, बंद. पंख्याची झुळूक थर्मिस्टरवर आली की तो निवे, पंखा थांबे. पंखा थांबला की थर्मिस्टर पुन्हा तापे. एकाच रेषेवर ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही लिहिली की असे होणारच. यावरचा उपाय ऑटो श्मिट या अमेरिकन संशोधकाने १९३४ साली, विद्यार्थीदशेत असतानाच शोधला. तो स्क्विड या समुद्री जीवाच्या मज्जातंतूंतून संवेदना कशी जाते याचा अभ्यास करत होता. मज्जातंतू एका पातळीला उद्दीपित होतो आणि लगेच डळमळत मागे येत नाही. तसे वागणारे मंडल त्याने बांधले. आज ते ‘श्मिट ट्रिगर’ म्हणून प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. करायचे एवढेच की निर्गम व्होल्टेजचा अगदी थोडा अंश एका मोठ्या रोधकातून पुन्हा आगमाकडे आणायचा. त्या विद्यार्थ्याने ४७० किलो-ओहमचा रोधक लावला. आता पंखा ३२ अंशांना सुरू होई आणि जवळजवळ ३० अंशांपर्यंत उतरल्याखेरीज बंद होत नसे. मधल्या दोन अंशांत मंडल आपला आधीचा निर्णय लक्षात ठेवत असे. यालाच हिस्टेरेसिस म्हणतात.

मार्चच्या अखेरीस यशवंतपूरच्या त्या पत्र्याच्या खोलीत मंडल निर्दोष चालले. दुपारी पत्रा तापे. संध्याकाळी बाहेरची हवा निवे, कारण हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. खिडकीत बसवलेला पंखा ती गार हवा आत ओढी आणि रात्री कधीतरी स्वतःच थांबे. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. त्याच आठवड्यात घरून आप्पांचा फोन आला. उन्हाळ कांदा काढून झाला होता, पात कापून माल सुकत होता, आणि बाजारभाव इतका पडला होता की तेव्हा विकला तर काढणीची मजुरीही सुटली नसती. सगळा माल चाळीत भरायचा, असे घरात ठरले होते.

महाराष्ट्राच्या कांद्याचे अर्थकारण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वाक्याचे वजन कळेल. एप्रिल-मे महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा टिकाऊ असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत देशाची गरज मुख्यतः तोच भागवतो. पण टिकाऊ म्हणजे निर्जीव नव्हे. चाळीतला कांदा श्वास घेत असतो. साखर जाळून उष्णता, कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प बाहेर टाकत असतो. त्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. याहून हवा तापली तर तो सुकून वजनात घटतो. १० ते २० अंशांच्या दरम्यान गेला तर त्याला कोंब फुटतात. हवा दमट झाली तर मुळे सुटतात, सड लागते, पापुद्र्यांवर काळ्या बुरशीची काजळी चढते. चार-पाच महिन्यांत साठवलेल्या मालाचा तिसरा हिस्सा आणि वाईट वर्षी त्याहूनही अधिक असा वाया जाऊ शकतो.

यावर विज्ञानाने काहीच केले नाही असे नाही. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाने टिकाऊ वाण दिले आणि हवेशीर चाळींचे आराखडे दिले. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ केंद्र २००२ पासून आहे. तेथे गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याची कोंब फुटण्याची शक्ती थांबवता येते. मात्र सड आणि सुकणे त्याने थांबत नाही. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने कांद्याच्या साठवणुकीचे तंत्र सुधारण्यासाठी देशभरातील विद्यार्थी, संशोधक आणि नवउद्योजकांना खुले आव्हान दिले. म्हणजे प्रश्न अद्याप सुटलेला नव्हता, आणि तो विद्यार्थ्यांनीही हाती घ्यावा असे देशाला वाटत होते.

यशवंतपूरला लागूनच भारतीय विज्ञान संस्था आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या या संस्थेला बेंगळुरूत जुनी माणसे अजून ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. तेथेच १९७४ साली अमूल्य रेड्डी या विद्युत-रसायनशास्त्रज्ञाने ‘अस्त्र’ नावाचा उपक्रम सुरू केला. ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरायचे, हा त्याचा हेतू. त्यासाठी त्यांच्या सहकाऱ्यांनी तुमकूर जिल्ह्यातील उंगरा या गावात केंद्र उभारले आणि कमी लाकडात, कमी धुरात चालणारी चूल तयार केली. प्रयोगशाळेत उत्तम चाललेली वस्तू गावात उत्तम चालेलच असे नाही, हे ज्यांना शिकायचे असते त्यांना गावातच जावे लागते. त्या विद्यार्थ्याने ही हकिकत वाचली होती. परीक्षा संपताच त्याने मंडल एका डब्यात घातले, चार पंखे, बॅटरी आणि छोटे सौर पॅनेल बांधून घेतले आणि कर्नाटक एक्सप्रेसने मनमाड गाठले.

चाळीचा एक खण त्याला मिळाला. ढिगाच्या तळाशी भोके पाडलेला पीव्हीसी पाइप टाकला, त्याच्या बाहेरच्या तोंडाला पंखे बसवले आणि थर्मिस्टर कांद्यांच्या मधोमध खुपसला. दुपारी दोन वाजता ढिगातील तापमान ३२ च्या वर गेले आणि चारही पंखे एकदम सुरू झाले. घरातली मुले टाळ्या वाजवत असताना आप्पा पाइपाच्या तोंडाशी हात धरून उभे राहिले.

“आरं, ही तर भट्टीची हवा आहे. आत कशाला घालतोस?”

तो गप्प राहिला, कारण उत्तर त्याच्या समोर फिरत होते. मे महिन्यात निफाडला बाहेरची हवा ४० अंशांवर होती आणि ढीग ३३ अंशांवर. तापमान वाढले की पंखा लावायचा, हा नियम यशवंतपूरच्या खोलीत बरोबर ठरला, कारण तिथे पंखा लागे तेव्हा बाहेरची हवा नेहमी आतल्यापेक्षा गार असे. ती अट मंडलात कुठेच लिहिलेली नव्हती; ती बेंगळुरूच्या हवेने परस्पर पाळली होती. निफाडच्या हवेने ती पाळली नाही, आणि मंडल मोठ्या निष्ठेने कांदे तापवू लागले.

त्या संध्याकाळी त्याने वडिलांचे काम प्रथमच नीट पाहिले. सकाळी नऊच्या सुमारास आप्पा चाळीच्या उन्हाकडच्या बाजूला बारदानाचे पडदे सोडत. सूर्य कलला की ते दोन्ही बाजूंचे पडदे वर गुंडाळत. त्याआधी उजवा हात कोपरापर्यंत ढिगात घालत, थोडा वेळ तसाच ठेवत आणि मग डावा हात हवेत धरत. हे दृश्य त्याने शेकडो वेळा पाहिले होते. आज त्याला त्यात दोन संवेदक आणि एक तुलना दिसली. आप्पा एका ठरावीक अंशाची वाट पाहत नव्हते. आत आणि बाहेर यांतला फरक ते पाहत होते.

रात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली त्याने मंडल बदलले. एलएम ३५८ च्या एका आवरणात दोन ऑप-अ‍ॅम्प असतात. त्यांपैकी दुसरा आजवर रिकामा होता. त्याला त्याने नवी शाखा जोडली. तिच्यात स्थिर रोधक नव्हता : वर ढिगातला थर्मिस्टर, खाली बाहेरच्या हवेतला थर्मिस्टर. दोन्हींचे तापमान सारखे असेल तेव्हा मधल्या बिंदूवर पुरवठ्याच्या बरोबर निम्मे, म्हणजे २.५ व्होल्ट. आत एक अंश जास्त झाला की ५४ मिलिव्होल्टची वाढ. परतीचा रोधक ३९० किलो-ओहमचा घेतला, तेव्हा आतले तापमान बाहेरच्यापेक्षा तीन अंशांनी जास्त झाले की ‘हो’ आणि फरक एका अंशावर आला की ‘नाही’ असे उत्तर मिळू लागले. पहिला ऑप-अ‍ॅम्पही त्याने ठेवला, पण २८ अंशांवर लावून; ढीग गार असताना उगीच आणखी गार होऊन कोंब फुटू नयेत म्हणून. दोन्हींनी होकार दिला तरच पंखा फिरावा, एवढे काम दोन डायोड आणि एका रोधकाने झाले.

यातही दोन गोष्टी त्याला शिकाव्या लागल्या. पाच टक्के फरकाचे दोन थर्मिस्टर एकाच तापमानाला एक-सव्वा अंश वेगळे बोलतात. म्हणून दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवून, त्यांच्यातला मूळचा फरक पाहून प्रीसेट लावावा लागतो. आणि बाहेरचा थर्मिस्टर उन्हात टांगला तर तो हवेऐवजी उन्हाचे तापमान सांगतो. वेधशाळांत तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत ठेवतात, ती पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. निफाडच्या चाळीला ती पेटी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा बशा एकावर एक, मध्ये फट ठेवून बांधून मिळाली.

आता पंखे दुपारी गप्प राहत आणि रात्री साडेनऊनंतर फिरत. पहाटेपर्यंत ढीग चार-पाच अंशांनी निवे. त्या विद्यार्थ्याला समाधान वाटले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो यशवंतपूरला परतला.

पहिला पाऊस झाला त्यानंतर चार दिवसांनी आप्पांचा फोन आला. त्यांनी आधी परीक्षेच्या निकालाची चौकशी केली, मग पाऊस कसा झाला ते सांगितले, आणि शेवटी म्हणाले, “त्या खणाची तार मी काढून ठेवली आहे. खालच्या कांद्याला ओल आली होती. काजळी दिसते.”

“पण आप्पा, रात्री बाहेर गारच होतं ना?”

“गार होतं. पण ओलं होतं.”

त्या रात्री गच्चीवर बसून त्याने जे गणित केले, ते या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे ठरले. पावसानंतरची रात्र : बाहेर २४ अंश, आर्द्रता ९५ टक्के. ही हवा २९ अंशांच्या ढिगात शिरली की तापते आणि तिची सापेक्ष आर्द्रता ७१ टक्क्यांवर येते, कारण गरम हवेत अधिक बाष्प मावते. इथवर फारसे बिघडत नाही. पण पंखा आपले काम चोख करत राहतो. पहाटे ढीग २५ अंशांवर येतो आणि मग तीच हवा त्याच्यात ९० टक्के आर्द्र असते. दुसऱ्या दिवशी ऊन पडते. बाहेर ३४ अंश, आर्द्रता ६० टक्के; अंगाला ही हवा कोरडी वाटते. पण तिचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. रात्रभर निववलेल्या, त्याहूनही किंचित गार झालेल्या तळच्या कांद्यांना ती हवा लागली की गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो तसे त्यांच्यावर दव जमते. मंडलाला सांगितलेले प्रत्येक काम मंडलाने केले होते. त्याने ढीग गार केला होता, आणि त्या गारव्यानेच कांदा ओला झाला होता.

म्हणजे केवळ तापमान पाहून चालणार नव्हते. तसेच आर्द्रतेचा नुसता टक्का पाहूनही चालणार नव्हते. बाहेरची हवा आतल्या तापमानाला आल्यावर किती आर्द्र होईल, हा खरा प्रश्न होता. ढीग २८ अंशांवर असताना बाहेर २२ अंश आणि ९५ टक्के असेल, तर ती हवा आत आल्यावर ६६ टक्के होते, पंखा लावावा. बाहेर २४ अंश आणि तेच ९५ टक्के असेल, तर ७५ टक्के होते, लावू नये. आणि बाहेर ३४ अंश व ६० टक्के असेल, तर २८ अंशांना तिची आर्द्रता ८४ टक्के होईल. मुळीच लावू नये. वर्तमानपत्रातील हवामानाच्या चौकटीत ६० हा आकडा ९५ पेक्षा निर्धोक दिसतो, आणि ढिगापाशी पोहोचेपर्यंत तोच अधिक घातक ठरतो.

हे गणित दोन ऑप-अ‍ॅम्पना पेलणारे नव्हते. त्याने आर्द्रता आणि तापमान दोन्ही मोजणारा डीएचटी २२ हा संवेदक आणि आर्डुइनोचा छोटा फलक घेतला. श्मिट ट्रिगरच्या जागी प्रोग्रामच्या चार ओळी आल्या, पण कल्पना तीच राहिली : सुरू करण्याची रेषा वेगळी, बंद करण्याची वेगळी. आर्द्रता ६८ टक्क्यांच्या खाली उतरेल तेव्हाच पंखा लागेल आणि ७२ टक्क्यांच्या वर जाईल तेव्हाच थांबेल, असे अंतर ठेवले. हा संवेदक स्वतःच दोन ते पाच टक्के चुकू शकतो, हेही त्याने माहितीपत्रकात वाचून ठेवले होते. म्हणून याहून बारीक रेषा आखण्यात अर्थ नव्हता.

जुलैत दोन दिवसांची सुट्टी काढून तो नवा डबा बसवून आला. खराब झालेला तळचा थर तोवर आप्पांनी आणि आईने हाताने निवडून बाजूला काढला होता. त्या निवडलेल्या ढिगाकडे पाहताना त्याला कोणी काही बोलले नाही. डबा बसवून झाल्यावर आप्पांनी एकच मागणी केली : बाहेरच्या बाजूला एक कळ असावी, खटका दाबला की काही न विचारता पंखे बंद व्हावेत. त्याला आधी ती सूचना अविश्वासाची वाटली. मग त्याला आठवले की मोठ्या यंत्रांवरही लाल रंगाची अशी कळ असतेच, आणि ती बसवणारे अभियंते यंत्रावर अविश्वास दाखवत नसतात. आपण विचारात न घेतलेली एखादी गोष्ट उरली असेल, एवढे ते कबूल करत असतात. कळ बसवली गेली.

ऑक्टोबरमध्ये चाळ फुटली, कांदा लिलावाला गेला. पंख्याच्या खणातला माल इतर खणांपेक्षा चांगला निघाला का? घरातील मंडळींना तसे वाटले. त्याला स्वतःला ‘हो’ म्हणण्याचा मोह झाला आणि त्याने तो आवरला. एक खण, एक हंगाम, त्यातही जूनमध्ये तळचा थर गेलेला. शिवाय भरताना कोणी वजन केले नव्हते. इतक्या सामग्रीवर काहीही सिद्ध होत नाही. बेंगळुरूला परतताना त्याने वहीत पुढच्या वर्षीची आखणी लिहिली. एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला, सारखाच सुकवलेला कांदा. सारख्या आकाराचे दोन खण, एकाच दिशेला. दोन्ही खणांत, वर, मध्ये आणि तळाशी, वजन करून ठेवलेले प्रत्येकी सहा क्रेट. दर पंधरा दिवसांनी क्रेट बाहेर काढून वजन, कोंब आलेले, सडलेले आणि काजळी चढलेले कांदे वेगळे मोजायचे. एका खणाला डब्यातले मंडल आणि दुसऱ्याला आप्पांचा हात व बारदानाचे पडदे.

शेवटच्या ओळीबद्दल त्याने फोनवर वडिलांची परवानगी घेतली. स्पर्धेत आपल्याला उभे केले आहे, हे कळल्यावर आप्पा थोडा वेळ हसले आणि मग त्यांनी विचारले, दोन्ही खणांतले क्रेट मोजणार कोण? “तुम्हीच,” तो म्हणाला.

“मग माझ्या खणाकडून लबाडी होईल.”

ही शंका योग्य होती. वहीत आणखी एक ओळ वाढली : मोजणाऱ्याला क्रेट कोणत्या खणातला आहे हे कळू नये, क्रेटवर फक्त आकडे असावेत आणि आकड्यांची यादी आईकडे राहावी.

यशवंतपूरच्या यार्डात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नव्या उन्हाळ कांद्याच्या गाड्या दिसू लागल्या, तेव्हा निफाडहून एक छायाचित्र आले. छत्तीस किलोच्या आसपास काटा स्थिरावलेला, वर निळे क्रेट आणि त्याच्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा : १.